चाळणी नसताना

चारला भोंगा व्हायचा. आता होत नाही,
पण चारला माझे पाय आपोआप चुलीकडं वळतात.
चूल म्हणजे गॅस. म्हणायची सवय.

नीलव्वाचा ईराप्पा ट्रक घेऊन कुन्नूरकडं जातो,
येताना अर्धा किलो पान आणतो, माझ्यापुरतं.
पुडीवरची अक्षरं कन्नड की तमिळ, मला कळत नाही.
नीलव्वाला तर कुठलीच कळत नाहीत.
ती पुडी कानाशी हलवते. म्हणते, "वाळलंय चांगलं."

चिमूटभर तळहातावर घेते.
हात ऐकत नाही, निवडायला लागतो:
देठ इकडं, पान तिकडं, भुकटी फुंकून बाजूला.
सत्तावीस वर्षं निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळली मी.
पान कुठलंही असो, अंगठ्याला आधी कळतं
मोडेल की वाकेल.
हे मोडतं, पण चुरा होत नाही.
काळं, पीळ दिलेलं, मुंगळ्याच्या पायासारखं.

वखारीतला चा जर्मनच्या किटलीतून यायचा,
गुळाचा, उकळून उकळून काळाकुट्ट.
घोटाआधी शिंक, घोटानंतर शिंक.
चव तंबाखूची. भाकरीची चवही तंबाखूची.
दिवाणजी बोलायचा नाही, नुसतं मनगट वर करून
घड्याळ दाखवायचा.
तो चा आम्ही प्यायचो नाही, आत ओतून घ्यायचो.

आता पाणी उकळलं की गॅस बंद.
पान टाकायचं. ताटली झाकायची.
मग थांबायचं.
ईराप्पा म्हणाला होता, चार मिनिटं.
मी घड्याळ बघत नाही.
भिंतीला टेकते, दोन्ही हात पुढं धरते
आणि नसलेली चाळणी हलवते,
एक, दोन, तीन,
दोनशेपर्यंत.

पहिल्यांदा बघून नीलव्वा घाबरली.
तिला वाटलं माझ्या अंगात आलं.
आता शेजारी मांडी घालून बसते, आणि रोज तेच,
"हाल हाकूदिल्लेन?"
नको बाई, दुधानं त्याचं तोंड झाकतं.
तिच्या कपात ती घालते. साखर दोन चमचे.

पहिले दोन महिने मला वासच आला नाही.
नाक वखारीतच राहिलं होतं.
रंग बघायची, वाफ गालाला घ्यायची,
गरम पाणी म्हणून प्यायची.
मग एका मंगळवारी ताटली उचलली
आणि पेरूचं पान चुरगळल्यासारखं काहीतरी
नाकात शिरलं.
ताटली पुन्हा झाकली. पुन्हा उचलली.
बाहुली झोपली का बघणाऱ्या पोरीसारखी.

त्याच रात्री अंथरूण टाकलं
आणि वाकळेला तंबाखूचा वास आला.
वखारीच्या लुगड्यांची शिवलेली वाकळ,
वीस वर्षं धुतेय मी ती.
मालन लहानपणी हिच्यातच निजायची, माझ्याजवळ,
रोज भिंतीकडं तोंड करून.
मला वाटायचं, पोर रुसकी आहे.

तिला अजून सांगितलं नाही.
संकेश्वरला असते. रविवारी फोन करते,
"आई, चा झाला का?"
झाला, म्हणते मी. कधी कधी झालेला नसतो.

दुसऱ्या पाण्याला पान पुरतं उघडतं,
कडेचे दातेसुद्धा दिसतात.
बशीत घेऊन बोटानं सपाट करते, नुसतं बघायला.
मग नीलव्वा ते रंगाच्या डब्यातल्या कढीपत्त्याला घालते.
कढीपत्ता काही वाढत नाही. ती घालते.

आज एकशे साठाला आले होते,
तोवर तिनं हाक मारली, "तुझी वीज गेली का गं?"
मोजणं चुकलं.
पुन्हा एकापासून? हात दुखतात.
चाळणी तशीच हवेत धरून थोडं बसले,
मग ताटली उचलली.

जरा कडू झालाय.
असू दे. कप आण तुझा, नीलव्वा,
आणि दूध संपलंय.